बाबांची सही लागेल

ज्युनियर कॉलेजात वीस वर्षं शिकवलं की एक विद्या आपोआप येते, खोटी सही ओळखायची. सहलीचा फॉर्म, कमी हजेरीचं पत्र, प्रॅक्टिकलला दांडी मारल्याचा खुलासा, सगळ्याच्या खाली "पालकांची सही" अशी रेघ असते आणि त्या रेघेवर पोरांनी बापाच्या सहीची जी कसरत केलेली असते ती बघून हसू येतं. वळण पाठ केलेलं असतं, पण बाप घाईत सही करतो आणि पोरगं सावकाश, तिथेच पकडलं जातं. मी कधी पकडते, कधी सोडून देते. लोहगडावर जायला बापाने सही केली काय न् पोरीने केली काय, गड तेवढाच उंच राहणार.

एका सहीबद्दल मात्र मला असं सोडून देता येत नाही, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. बारावीतली मुलगी, सतरा पूर्ण झालेली, दहावीनंतर मराठवाड्यातल्या गावातून पुण्यात आलेली, धनकवडीला मावशीकडे राहायची. मावशी चार घरी पोळ्या लाटते. एक दिवस तास संपल्यावर ही बाकावरच बसून राहिली, सगळे गेल्यावर म्हणाली मॅडम एक विचारू का, आणि मग विचारलंच नाही, नुसती रडली. दोन महिने पाळी आली नव्हती. मावशीला तिने आधीच सांगितलं होतं, त्या बाईने एक शब्दही न बोलता तिला चहा करून दिला होता म्हणे, पण पुढे जायचं कुठे ते दोघींनाही माहीत नव्हतं म्हणून माझ्याकडे. सोनोग्राफीत सात आठवडे निघाले.

आम्ही तिघी एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई चांगल्या बोलल्या, सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, बाबांची सही लागेल. मावशी म्हणाली, अहो दोन वर्षं माझ्याकडे राहते ही, हिला ताप आला की मीच आणते ना दवाखान्यात, तेव्हा तर कुणी विचारत नाही तू कोण म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, ते वेगळं, हे वेगळं. दुसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरच सांगितलं की अठराच्या आतल्या केसेस आम्ही घेतच नाही, पोलिसांचं लफडं असतं. तिसऱ्या ठिकाणी आईवडील दोघांचं आधार कार्ड घेऊन पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मध्येच प्रिलिम सुरू झाली, ती पोरगी पोटात हे घेऊन फिजिक्सचा पेपर देऊन आली. असं करत करत तीन आठवडे गेले. आणि मग ज्याच्यापासून दिवस गेले होते त्या मुलाने कुठून तरी गर्भपाताच्या गोळ्या पैदा केल्या, पुण्यातल्या मेडिकलवाल्यांनी तर त्याला उभंच केलं नव्हतं म्हणून बाहेरगावाहून, आणि हिने त्या कुणाला न विचारता घेतल्या.

दोन दिवस रक्त जात होतं. तिसऱ्या रात्री मावशीने रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. आणि त्या रात्री तिथे कुणीही, एकाही माणसाने, बाबांची सही मागितली नाही. फॉर्मवर "रुग्णाशी नाते" अशा जागी मावशीने "मावशी" लिहिलं, खाली सही केली, डॉक्टरांनी पिशवी साफ केली, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, झालं. तीच मावशी आणि तिचीच सही. तीन आठवड्यांपूर्वी जी चालत नव्हती ती चालायला लागली कारण मधल्या काळात पोरगी मरायला टेकली होती.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण मी पण तेव्हा डॉक्टर म्हणाल्या ते खरंच धरून चालले होते आणि नंतर बसून वाचलं तेव्हा हात कपाळावर गेला. १९७१ चा आपला एमटीपी कायदा, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा, त्यात लिहिलंय की अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचा गर्भपात तिच्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण "पालक" कोण, याची व्याख्या त्याच कायद्यात सुरुवातीलाच दिलीय, आणि त्यात बाबा नाहीत, आई नाही, "ज्याच्याकडे त्या अज्ञान मुलीची देखभाल आहे ती व्यक्ती" इतकंच आहे. म्हणजे मावशी. धनकवडीच्या दोन खोल्यांत दोन वर्षं जिने त्या मुलीला जेवायला घातलं, आजारपणं काढली, ती. कायद्यानुसार पहिल्याच दिवशी, पहिल्याच दवाखान्यात मावशीची सही पुरेशी होती.

मग डॉक्टर वडिलांना का बोलवतात? खोटं कशाला बोला, त्यांची पण बाजू आहे. उद्या बापाने येऊन तमाशा केला, नोटीस पाठवली, तर मावशी काही साक्षीला येणार नाही असं त्यांना वाटतं. शिवाय २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा. त्यात अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी गरोदर म्हणजे गुन्हा झालेलाच आहे, ती काहीही म्हणो, आणि ज्याला तो कळला त्याने पोलिसांना कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. (हे बंधन फक्त डॉक्टरवर नाही, सगळ्यांवर आहे, म्हणजे ती बाकावर रडली त्या दिवशी माझ्यावरही होतं, आणि मी कळवलं नाही हे इथे लिहून टाकते.) दुसऱ्या बाजूला २०२१ च्या दुरुस्तीने एमटीपी कायद्यात गोपनीयतेचं कलम आलं, गर्भपात केलेल्या बाईचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. कायद्याने अधिकार असलेल्या माणसाला सांगितलं तर गुन्हा नाही अशी सोय आहे त्यात, पण छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरला एवढंच दिसतं की नाही सांगितलं तर सहा महिने आणि सांगितलं तर एक वर्ष. वर डीएनएसाठी नमुना जपून ठेवायचा, जबाब द्यायचे, आणि मग चार वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात साक्षीला जाऊन दिवसभर बाकावर बसायचं. त्यापेक्षा "आम्ही घेत नाही" सोपं. मी डॉक्टर असते तर वेगळं वागले असते असं छातीठोकपणे सांगवत नाही.

सुप्रीम कोर्टाने यातून वाट काढायचा प्रयत्न केलाय. २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल, तोच ज्यात अविवाहित बायकांनाही २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क दिला, त्यात कोर्टाने हेही म्हटलं की अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव सांगायची गरज नाही. उत्तम. पण त्यानंतर तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, मुंबईच्या एका डॉक्टरांना याच कारणासाठी हायकोर्टात जावं लागलं, कारण पोलिस नाव मागत होते. दिल्लीतला निकाल पोलिस चौकीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो बघा. आमच्या मुलीच्या वेळेला तर हा निकाल कुणाच्या तोंडून ऐकला पण नाही. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी नाव-पत्ता घेतला, आणि चौथ्या दिवशी गावात बापाच्या दारात हवालदार उभा. घरी कळू नये म्हणून तिने जीव धोक्यात घातला आणि तीच गोष्ट अशी गावभर झाली. मुलगा एकोणीस वर्षांचा होता, त्याचं काय झालं तो वेगळाच लेख आहे.

आणि बाप आला. आता इथे मला प्रामाणिक राहायला पाहिजे कारण माझी सगळी तयारी दुसऱ्याच बापाची होती, आरडाओरडा करणारा, हात उगारणारा. मी तर कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून मुद्दाम तिथे जाऊन उभी होते. तो एसटीने आला होता, रात्रभरचा प्रवास, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसला आणि बसूनच राहिला. अर्ध्या तासाने मला म्हणाला, मला सांगितलं असतं तर मी आलो असतो ओ. बस एवढंच. पुढे तिला गावी घेऊन गेला, कॉलेज सुटलं, पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून तिने बारावी दिली.

हा बाप माझ्या बाजूचा पुरावा आहे की विरुद्ध बाजूचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पालकांच्या संमतीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, बघा, आईबापाला विचारा म्हणतो ते याच्यासाठीच, पोरगी उगाच घाबरली. खरंय, कदाचित उगाच घाबरली. पण ती पंधरा वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती आणि मी अर्धा तास. चुलतबहिणीचं काय झालं होतं ते तिने बघितलं होतं, मी नाही. आणि समजा तिचा अंदाज चुकला, तरी चुकीच्या अंदाजाची शिक्षा दोन बाटल्या रक्त असावी का? कायद्याने तिच्या भीतीचं काही केलं नाही, ती भीती फक्त दवाखान्यातून काढून मेडिकलच्या काउंटरवर नेऊन ठेवली.

बरं, हे काही एकटीदुकटीचं नाही. लॅन्सेटच्या नियतकालिकात २०१५ सालच्या भारतातल्या गर्भपातांचा अंदाज छापून आला होता, वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख, आणि त्यातले जवळजवळ तीन-चतुर्थांश हॉस्पिटलच्या बाहेर, गोळ्या घेऊन झालेले. या गोळ्या वेळेत आणि नीट सांगून घेतल्या तर सुरक्षितच आहेत, नऊ आठवड्यांपर्यंत कायदेशीर पण आहेत. आमची मुलगी पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसली तेव्हा सातव्या आठवड्यात होती, म्हणजे कपाटात औषध होतं, समोर डॉक्टर होती, आणि अडलं होतं ते कागदावरच्या एका रेघेवर. दहाव्या आठवड्यात तेच औषध तिने एकटीने घेतलं.

माझ्या स्टाफरूममध्ये यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं, की ज्या पोरीला अजून पॅरासिटामॉल घ्यायला आईला विचारावं लागतं ती असला निर्णय एकटी कशी घेईल. मान्य. एकटीने घेऊ नये. सोळा-सतराच्या पोरीबरोबर कुणीतरी मोठं माणूस असावंच, प्रक्रियेच्या वेळी असावं, नंतर चार दिवस घरात असावं, रक्त जास्त गेलं तर रिक्षा बोलवायला असावं. भांडण फक्त एवढंच आहे की ते मोठं माणूस कोण हे ठरवायचं कुणी. माझं म्हणणं, ते मुलीने ठरवावं. आई, आत्या, मावशी, मोठी बहीण, कॉलेजातली बाई, शेजारची काकू, अठराच्या पुढचं कुणीही जिच्यासमोर तिला खोटं बोलावं लागत नाही. फ्रान्समध्ये २००१ पासून हेच आहे, मुलीला घरी सांगायचं नसेल तर तिच्या पसंतीचं एक सज्ञान माणूस तिच्याबरोबर असलं की झालं. स्पेनने २०१५ मध्ये १६-१७ वर्षांच्या मुलींसाठी पालकांची संमती सक्तीची केली होती आणि २०२३ मध्ये काढून टाकली. इंग्लंडमध्ये १९८५ चा गिलिक खटला प्रसिद्ध आहे, दहा मुलांच्या एका आईने मागणी केली होती की माझ्या सोळाच्या आतल्या मुलींना मला न विचारता डॉक्टरने संततिनियमनाचा सल्ला देता कामा नये, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तिला नाही म्हटलं, मुलगी नीट समजून घेण्याइतकी शहाणी असेल तर तिची संमती पुरे. २००६ मध्ये तिथल्याच कोर्टाने हे गर्भपातालाही लागू होतं म्हणून सांगितलं.

अमेरिकेचं उदाहरण मी मुद्दाम शेवटी घेते कारण तिकडे "पालकांची संमती" हा राजकारणातला मोठा विषय आहे आणि त्यांनी जी पळवाट काढली ती आपल्याकडे कुणाला सुचू नये अशी माझी इच्छा आहे. १९७६ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आईबापाला सरसकट नकाराधिकार देता येणार नाही, आणि १९७९ मध्ये तोडगा काढला, की राज्यांना पालकांची संमती हवी असेल तर मागा, पण ज्या मुलीला घरी सांगता येत नाही तिला न्यायाधीशासमोर जायची वाट ठेवा, न्यायाधीशाला वाटलं की ही पुरेशी समजदार आहे तर तो परवानगी देईल. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय, तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने शाळा बुडवून कोर्टात जायचं आणि काळ्या झग्यातल्या अनोळखी माणसाला सांगायचं की मी शहाणी आहे हो. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या अपील कोर्टाने एका सोळा वर्षांच्या, आईबाप नसलेल्या मुलीला परवानगी नाकारणारा निकाल कायम केला, कारण काय तर गर्भपाताचा निर्णय घेण्याइतकी परिपक्वता तिने सिद्ध केली नाही. म्हणजे आई व्हायला ती पुरेशी परिपक्व होती. हे वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि भांडी घासायला गेले, काही वेळा तेवढंच करता येतं.

आपल्याकडे मात्र परिपक्वता मोजायचं यंत्र आहे बरं का, फक्त ते दुसऱ्या कामाला वापरतात. पुण्यात राहणाऱ्या कुणाला कल्याणीनगर म्हटलं की मे २०२४ आठवतं, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन जीव गेले आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध. तेव्हा अख्खं शहर, मी पण, रिक्षावाल्यापासून चितळ्यांच्या रांगेपर्यंत सगळे एकच बोलत होते, की सतरा वर्षांचा म्हणजे काय कुक्कुलं बाळ आहे का, त्याला मोठ्यांसारखाच खटला चालवा. आणि पोलिसांनी तसा अर्ज केलाही, कारण २०१५ च्या बालन्याय कायद्यात ती सोय आहे, सोळा ते अठरामधल्या मुलाने घोर गुन्हा केला असेल तर मंडळ त्याची मानसिक क्षमता तपासतं, परिणाम कळण्याची कुवत होती का ते बघतं. म्हणजे शिक्षा करायची असेल तेव्हा आपल्याला सतराव्या वर्षी अक्कल असते हे पटतं, निदान तपासून बघायची तयारी असते. आणि पोरगी स्वतःच्या पोटाबद्दल बोलायला आली की कुणी तपासत पण नाही, थेट म्हणतात बाबांना घेऊन ये. गंमत म्हणजे अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीसाठी केंद्राच्या आरोग्य खात्याच्या २०१४ च्या सूचनांनुसार बारा वर्षांच्या पुढची मुलगी स्वतः संमती देऊ शकते, नाही पण म्हणू शकते. बाराव्या वर्षी नाही म्हणता येतं आणि सतराव्या वर्षी हो म्हणता येत नाही.

आता जिथे माझे मित्रमैत्रिणी माझ्याशी सहमत होतात आणि मग पुढचं ऐकून गप्प होतात त्या गोष्टीकडे येते. आपण पुण्यात बसून "अल्पवयीन मुलीचा गर्भपात" म्हटलं की डोळ्यासमोर कॉलेजातलं लफडं आणतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. पाचातली एक. बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, कोयत्यावर उचल मिळते, म्हणून पोरीचं लग्न पंधरा-सोळाला उरकतात. तिला नको असलेले दिवस गेले तर सही कुणाची? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. आणि ऑक्टोबर २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अठराच्या आतल्या बायकोशी संबंध म्हणजे बलात्कार, म्हणजे तोच नवरा आरोपी. एमटीपी कायद्यातली पालकाची व्याख्या वेगळी आहे हे वर सांगितलंच, पण दवाखान्याच्या खिडकीवर व्याख्या कोण वाचत बसतंय, तिथे नवऱ्याला किंवा सासूलाच पुढे बोलवतात. पेन पण त्याच्याच हातात आणि बेडी पण त्याच्याच हातात पडायची. असला माणूस दवाखान्याकडे फिरकेल तरी का? आणि ज्या घरात काका, सावत्र बाप, सख्खा बापच गुन्हेगार असतो तिथलं तर बोलायलाच नको, पॉक्सोच्या बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीतलाच असतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी फॉर्मवरची रेघ तशीच आहे.

संमतीच्या या सगळ्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाते, की आईबाप नेहमी "ठेव" म्हणूनच अडवतात असं नाही. आपल्याकडे उलटंच जास्त, "पाड" म्हणून ओढत नेतात. जातीबाहेरच्या मुलाबरोबर पळून गेलेली पोरगी पोलिसांनी परत आणली की पहिली फेरी कुठे होते ते विचारा. अशा वेळी पालकाची सही घरच्यांकडे तयारच असते. खरं तर बाईच्या स्वतःच्या संमतीशिवाय गर्भपात केला तर भारतीय न्याय संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण ती एकटी, बाजूला आई-बाप-भाऊ, तिथे "तुला हवंय का" हा प्रश्न कोण विचारणार आणि ती काय उत्तर देणार. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, अत्याचार झालेला, तीस आठवड्यांच्या आसपास. कोर्टाने २२ एप्रिलला परवानगी दिली, मुंबईच्या सायन हॉस्पिटलला सांगितलं, आणि आठवड्याभरात आईवडिलांनी जिवाच्या धोक्याच्या काळजीने विचार बदलला म्हणून कोर्टाला आदेश मागे घ्यावा लागला. त्या निकालात कोर्टाने एक महत्त्वाचं लिहून ठेवलंय, की मुलीचं मत आणि पालकाचं मत वेगळं असेल तर मुलीचं मत हा महत्त्वाचा भाग म्हणून धरलाच पाहिजे. मी हे वाचून विचार करत राहिले की त्या चौदा वर्षांच्या पोरीला या सगळ्या आठवड्यांत एकटीला बसवून, दार लावून, कुणी विचारलं असेल का.

म्हणूनच तिने निवडलेलं माणूस, असं मी म्हणते. दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या घरात तिच्या बाजूला बसणारं एक माणूस. यासाठी कायद्यात फार मोठी उलथापालथ पण नको. पालकाच्या व्याख्येत "किंवा मुलीने स्वतः निवडलेली सज्ञान व्यक्ती" एवढे शब्द घाला, डॉक्टरने मुलीशी पाच-दहा मिनिटं एकटीशी बोललंच पाहिजे असं लिहा, आणि २०२२ चा निकाल पोलिस ठाण्याच्या भिंतीवर लावा, नाव लिहायच्या जागी काय लिहायचं याच्या नमुन्यासकट. पॉक्सोत सोळा ते अठराच्या राजीखुशीच्या संबंधांचं काय करायचं हा मोठा गुंता आहे, विधी आयोगाने २०२३ मध्ये वय अठराच ठेवा पण सोळाच्या पुढच्या राजीखुशीच्या केसेसमध्ये न्यायाधीशाला शिक्षेबाबत मोकळीक द्या असं सुचवलंय, त्यावर भांडायला वेळ लागेल, लागू दे. दवाखान्याची रेघ तोपर्यंत थांबू शकत नाही.

यावर "हा घरचा प्रश्न आहे, सरकारने घरात घुसू नये" असं म्हणणारे भेटतात तेव्हा मला आपल्याच गावचा इतिहास आठवतो. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं वय दहावरून बारा करणारा, फक्त बारा, तेव्हा पुण्यात टिळकांपासून कितीतरी लोक हेच म्हणत होते आणि आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला होते. पण माझ्या मनात जास्त घर करून आहे ती त्याच्याही आधीची गोष्ट, १८६३ ची. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बायकांना दिवस जायचे, बहुतेक घरातल्याच कुणापासून, आणि मग विहीर नाहीतर बाळाचा गळा. फुल्यांनी काय केलं, तर बायांनो इथे या, गुपचूप बाळंत व्हा, कुणाला कळणार नाही. सासऱ्याची परवानगी आणली का, भावाची चिठ्ठी आहे का, असं कुणी विचारलं असतं तर तिथे एक बाई आली नसती. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, डॉक्टर झाला. गुप्तता हा तिथे सवलतीचा भाग नव्हता, तोच इलाज होता, हे या शहराला एकशे साठ वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आता राहिलं माझं स्वतःचं, कारण मी पण एका सोळा वर्षांच्या पोरीची आई आहे आणि आई म्हणून मला सगळं कळायलाच हवं असतं, तिच्या मोबाइलचा पासवर्डसुद्धा. हा लेख लिहिताना एका रात्री मी तिला सरळच विचारलं, समज असं काही झालं तर तू कुणाला सांगशील. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, आत्याला. मी विचारलं मला का नाही, तर म्हणाली, तू आधी रडशील आणि मग मला तुला समजवत बसावं लागेल. मी थोडा वेळ काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नणंदेला कोथरूडला फोन केला आणि सांगितलं की असं असं आहे, उद्या कधी वेळ आली आणि ती म्हणाली आईला सांगू नको, तर सांगू नकोस, फक्त डॉक्टरकडे पहिल्या आठवड्यात ने आणि सही कर. नणंद म्हणाली, वहिनी तुला राग नाही आला? आला होता ना, चांगला दोन दिवस टिकला.